हॉलमधलं विमान

माझ्या दादाला आम्ही घरात ‘पाहुणे’ म्हणतो. हे नाव मीच ठेवलं आणि त्याबद्दल मला जराही वाईट वाटत नाही. जो माणूस स्वतःच्या स्वयंपाकघरात चहाचे कप कुठे ठेवतात हे विचारतो, टॉवेल उचलताना ‘हा घेतला तर चालेल ना?’ म्हणतो, आणि जेवण झालं की कुणीतरी येऊन ताट उचलून नेईल म्हणून हात मांडीवर ठेवून शांत बसून राहतो, त्याला दुसरं काय म्हणायचं?

दादा पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या यंत्रांचा मेकॅनिक. ही यंत्रं म्हणजे लांबच लांब प्रकरण. एका टोकाने कागद आत जातो, दुसऱ्या टोकाने खोकी बाहेर पडतात. जगाच्या पाठीवर कुठेही असलं यंत्र कुरकुरायला लागलं की कंपनी दादाला विमानात बसवायची. तो जायचा, यंत्राला कान लावून ऐकायचा, एखादा रोलर सरळ करायचा, एखादा पट्टा बदलायचा आणि पुन्हा विमानात बसायचा. घरी यावं, कपडे धुवून वाळेपर्यंत थांबावं आणि निघावं, अशी तीस वर्षं गेली. पायाला भिंगरी असते म्हणतात, दादाच्या पायाला चाकंच होती. त्याच्या वाढदिवसाला विमान कंपनीचं शुभेच्छापत्र न चुकता यायचं. आम्ही मात्र विसरायचो, कारण तो कधी घरात नसायचाच.

इतकं उडून उडून त्याचे काही नियम ठरून गेले होते. सीट नेहमी आतल्या वाटेच्या कडेची, म्हणजे कुणाला ओलांडून जावं लागत नाही. बसल्या बसल्या बूट काढायचे, कानात बोळे घालायचे, डोळ्यांवर पट्टी ओढायची. विमानातलं जेवण घ्यायचं नाही. आणि शेजारच्याशी बोलायचं नाही, कारण एकदा हसून बघितलं की उतरेपर्यंत त्याच्या मुलाच्या लग्नाची बोलणी ऐकावी लागतात. उतरल्यावर वहिनीला फोनवर एक शब्द पाठवायचा. ‘पोचलो.’ बस्स. कसा आहेस, जेवलास का, काही नाही.

वहिनी घरातच, खोलीच्या एका कोपऱ्यात मशीन मांडून शाळांचे गणवेश शिवते. मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहते. दादाचं विमान हवेत असलं की मला न विचारता कळायचं, कारण वहिनी मशीन बंद करून स्वयंपाकघरातलं सिंक घासायला घ्यायची. आधीच चकचकीत असलेलं सिंक ती पुन्हा पुन्हा घासायची. मग फोन वाजला की हात पुसून बघायची, गॅलरीत येऊन वर मला हाक मारून ‘पोचले’ म्हणायची आणि पुन्हा मशीनवर बसायची. लग्नानंतरची पहिली काही वर्षं ती छकुलीला, म्हणजे त्यांच्या लेकीला, कडेवर घेऊन त्याला आणायला विमानतळावर जायची. मीही असायचे सोबत. पुढे त्याचं येणं-जाणं इतकं वाढलं की तेही सुटलं.

स्वतः मात्र वहिनी एकदाही विमानात बसली नव्हती. एकदा कंपनीने दोघांची तिकिटं काढून दिली होती, तर ही बाई विमानतळाच्या दारापर्यंत गेली आणि तिथूनच परत फिरली. मी तिला चांगलं फैलावर घेतलं होतं. ती एवढंच म्हणाली की दोघंही वर गेलो तर खाली कोण राहणार.

दोन वर्षांपूर्वी दादाच्या पोटरीत रक्ताची गुठळी सापडली. डॉक्टरांनी लांबच्या विमानप्रवासाला साफ बंदी घातली. कंपनी भली, तिने त्याला घरी बसून फोनवर यंत्रं दुरुस्त करायला दिली. म्हणजे आता तो फोनला कान लावून यंत्रं ऐकतो. पण दाराशी उभी असलेली त्याची चाकांची बॅग, सदैव भरलेली, तशीच उभी राहिली. ती रिकामी करायचं कुणी नाव काढलं नाही; दादा लागेल तो कपडा तिच्यातून काढायचा आणि धुतला की तिच्यातच परत ठेवायचा. वहिनी तिच्या भोवतीने झाडून घ्यायची.

आणि मग छकुलीचा फोन आला. छकुली हे नाव आता तिला शोभत नाही. ती दोन समुद्रांपलीकडे इस्पितळात औषधं देण्याचं काम करते आणि नवऱ्याला ओरडते. तिला सातवा महिना होता, डॉक्टरांनी अंथरुणातून उठू नको म्हणून सांगितलं होतं आणि जावयाला कामाच्या पाळ्या होत्या. मी जाते म्हटलं, पण मी शाळेत गणित शिकवते, बाळंतिणीचं मला काय कळतं? छकुलीने सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “आई, तू ये.” लहानपणी ताप आला की म्हणायची तसंच म्हणाली. त्यानंतर घरात कुणाला काही बोलायचं राहिलंच नाही. वहिनीच्या तोंडचं पाणी पळालं होतं, पण जायचं तर तिलाच होतं, आणि तेही एकटीने.

दादाने मनावर घेतलं. पुढच्याच रविवारी त्याने हॉलमध्ये विमान बांधलं. सोफा भिंतीला सरकवला, जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या एकामागे एक, दोन-दोनच्या ओळीत लावल्या. बॅगांचे पट्टे काढून कमरेला बांधायला दिले. मला वहिनीच्या पुढच्या खुर्चीत बसवलं आणि मध्येच न विचारता मागे रेलायचं काम दिलं, कारण पुढचे लोक तसंच करतात म्हणे. इंजिनाचा आवाज यावा म्हणून मागच्या खोलीत व्हॅक्यूम क्लीनर चालू करून ठेवला. मग तो वहिनीच्या शेजारी बसला आणि आता आपण धावपट्टीवर आहोत असं गंभीरपणे जाहीर केलं. मला हसू आवरेना. वहिनीने मात्र डोळे घट्ट मिटून त्याचा हात पकडला.

असे तीन-चार रविवार गेले. शेवटच्या रविवारी दादा म्हणाला, आज पूर्ण प्रवास, सकाळच्या चहापासून अंधार पडेपर्यंत, उठायचं ते फक्त पाय मोकळे करायला. तासाभराने माझी पाठ भरून आली आणि मी आणीबाणीच्या दाराने बाहेर पडले. संध्याकाळी पुन्हा डोकावले तेव्हा व्हॅक्यूम क्लीनर कधीच बंद झाला होता. दोघं पट्टे बांधून अजून तशीच बसलेली. वहिनी काहीतरी सांगत होती, छकुली पहिल्यांदा चालली त्या दिवसाचं. दादाने कानातले बोळे काढून मुठीत धरले होते.

मला बघून वहिनी म्हणाली, “लग्न झाल्यापासून हे इतका वेळ माझ्या शेजारी कधी बसले नव्हते.”

तक्रार म्हणून नाही, सहज म्हणाली. दादाने मान खाली घातली. माझ्या जिभेवर एक टोमणा तयार होता, तो मी गिळला.

तिकीट दादाने स्वतः काढलं. जगातलं सगळ्यात उत्तम तिकीट काढल्यासारखा तो खूश होता. आतल्या वाटेच्या कडेची सीट, स्वच्छतागृह जवळ पण फार जवळ नाही. वाटेत एका ठिकाणी विमान बदलायचं होतं आणि त्याला पाऊण तास होता. पाऊण तास पुरेल का, मी विचारलं. दादा म्हणाला की त्या विमानतळाचा कोपरा न् कोपरा त्याला माहीत आहे, डोळे बांधून सोडलं तरी तो वेळेच्या आत दुसऱ्या गेटवर पोचेल. तो पोचेलच. पण जाणार होती वहिनी, जिचे गुडघे शिलाई मशीनचं पायडल मारून मारून कामातून गेले आहेत. हे त्याला सुचलं नाही. खरं सांगायचं तर मलाही सुचलं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी वहिनीला बॅग हवी होती, म्हणून दादाची दाराशी उभी असलेली बॅग अखेर रिकामी झाली. कपड्यांची चळत हातात घेऊन दादा कपाटासमोर उभा राहिला. कपाटात त्याच्यासाठी एकही कप्पा नव्हता. सगळीकडे गणवेशांचं कापड. इतक्या वर्षांत लागलाच नव्हता. वहिनीने मधला कप्पा उपसला, त्यातल्या निळ्या कापडाचे गठ्ठे पलंगाखाली सारले आणि त्याच्या हातातली चळत घेऊन तिथे ठेवली.

विमानतळावर सवयीने दादाही तिच्यामागोमाग आत निघाला. दारावरच्या पहारेकऱ्याने तिकीट मागितलं, तेव्हा तो भानावर आला. वहिनीने मागे वळून एकदा बघितलं आणि गेली. दारातून परत फिरली नाही, हे मी या डोळ्यांनी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी शाळेतून आले तर दादाचं दार उघडं होतं. आतून खसखस आवाज येत होता. दादा वहिनीचा अ‍ॅप्रन बांधून सिंक घासत होता. शेजारी फोन उभा करून ठेवला होता आणि त्यावर विमानांचा नकाशा होता. वहिनीचं पहिलं विमान थोडं उशिरा उतरलं होतं. दुसरं वेळेवर निघून गेलं होतं. वहिनीचा फोन बंद होता आणि काहीच निरोप नव्हता.

“पाऊण तास ठेवला मी,” दादा म्हणाला. “स्वतःच्या पायांचा हिशेब केला. तिच्या पायांचा केलाच नाही.” आणि पुन्हा घासायला लागला. मी दादाला यंत्रं जोडताना पाहिलंय, तापात पाहिलंय, आमच्या वडिलांना स्मशानात पोचवून आल्यावरही पाहिलंय. असा घाबरलेला कधी पाहिला नव्हता. मी फडकं घेतलं आणि नळ पुसायला लागले.

फोन वाजला तेव्हा त्याच्या हाताला साबण होता. मीच बटण दाबलं. वहिनी होती. विमान गेलं म्हणाली. सरकत्या जिन्यावरून उतरून दुसऱ्या गेटकडे नेणाऱ्या छोट्या गाडीपर्यंत पोचेपर्यंतच वेळ संपला होता. पुढे तिने काही बोलायच्या आत दादा सुरू झाला. घाबरू नकोस, डावीकडे वळ, निळी पाटी दिसेल, तिच्याखालच्या काउंटरवर तिकिटाचा कागद दाखव. वहिनीने त्याला सगळं बोलू दिलं. मग सांगितलं की ते सगळं झालं आहे. विमानात शेजारी एक बाई होत्या, त्याही नातवंडाला बघायला निघालेल्या, मुलगा सोबत होता. वहिनी त्यांच्याशी सगळी वाट बोलत आली होती. त्यांचंही तेच विमान चुकलं. मुलाने तिघांचंही काम केलं, सकाळच्या विमानाचे पास घेतले, रात्रीची खोली मिळाली. फोनची बॅटरी संपली होती, ती त्या खोलीत आल्यावर भरली. त्या बाईंना सारखं उठायला लागायचं, म्हणून वहिनीने आपली कडेची सीट त्यांना देऊन खिडकी घेतली होती.

“खाली काय काय दिसतं हो,” ती म्हणाली. “तुम्ही कधी बघितलं नाहीत?”

“नाही,” दादा म्हणाला. “पट्टी बांधून झोपायचो.” मग म्हणाला, “माझं चुकलं. तुला किती भीती वाटली असेल.”

“वाटली. विमान गेलं म्हणाले तेव्हा तिथेच खाली बसले. मग आठवलं, तुम्ही घरी आहात. तुम्ही इतक्या ठिकाणी अडकलात, कधी घाबरला नाहीत. मला वाटायचं, तुमची छातीच मोठी. तसं नव्हतं ते. घरी माणूस आहे हे माहीत असलं की कुठेही बसून राहता येतं. आज मला कळलं.”

दादाच्या ओल्या हातातून पाणी फरशीवर ठिबकत होतं. फोन कट झाला की काय म्हणून वहिनीने हॅलो म्हटलं.

“आहे,” दादा म्हणाला. “मी घरी आहे.”

तीस वर्षांत हे वाक्य मी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. मला रडू आलं, सरळ सांगते. तोंड धुवायचं निमित्त करून मी बाथरूममध्ये गेले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी वह्या तपासत बसले होते. खालच्या गॅलरीतून हाक आली. वाकून बघितलं तर दादा मान वर करून उभा, अ‍ॅप्रन तसाच. “पोचली,” म्हणाला, आणि आत गेला.

छकुलीला मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत आणि नात रडण्यात आईवर गेली आहे. वहिनी पुढच्या आठवड्यात परत येते आहे. परतीचं तिकीटही दादानेच काढलंय. खिडकीची सीट आहे, आणि मध्ये विमान बदलायला वेळ इतका ठेवलाय की तेवढ्यात अख्ख्या वर्गाचे गणवेश शिवून होतील असं वहिनी म्हणते. काल दादा वर आला आणि जरा अडखळत विचारू लागला, की माणसांना आणायला येतात ती नेमकी कुठे उभी राहतात. तीस वर्षं तो त्या दारातून बाहेर पडला, पण खाली मान घालून, सरळ टॅक्सीकडे; सुरुवातीच्या वर्षांत आम्हीच मागून धावत जाऊन त्याला गाठायचो. दारासमोर कोण उभं असतं, ते त्याने कधी बघितलंच नव्हतं.

दाखवते म्हटलं. दारासमोर एक खांब आहे, त्याला टेकलं की आतून येणारा प्रत्येक माणूस दिसतो. वहिनी छकुलीला घेऊन तिथेच उभी राहायची.