शिंगलचा स्टोरी मोड झाला तेव्हा

परवा भाचा म्हणाला, "मामा, नेट गेलंय. आता ऑफलाइन खेळतो." आणि पाय पोटाशी घेऊन सोफ्याच्या कोपऱ्यात एकटाच खेळत बसला. मला हसू फुटलं. एकट्याने खेळायच्या खेळाचं हे आणखी एक बारसं! त्याची आधीची सगळी बारशी मी जेवलोय. एकदा तर पाळण्याची दोरी माझ्याच हातात होती.

नव्वदच्या दशकात भोरच्या एसटी स्टँडजवळ माझं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. गाळा आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. आत दोन टीव्ही, काही बाकडी आणि एक कॅसेट, जिच्यावर हजारो गेम असल्याचं छापलेलं. प्रत्यक्षात तेच दहा-बारा गेम कपडे बदलून पुन्हा पुन्हा यायचे. कॅसेट लावली की पडद्यावर इंग्रजीत 'वन प्लेयर' आणि 'टू प्लेयर' उमटायचं. भोरमध्ये तसं कुणी म्हणत नसे. आमच्याकडे शिंगल आणि डबल.

आता शिंगल म्हणजे एकट्याचा खेळ असं तुम्हाला वाटेल. पुण्याहून आलेल्या एका पाहुण्यालाही तसंच वाटलं होतं. त्याने शिंगल मागितला, खेळायचा बटणांचा रिमोट घेतला, एकदा मेला आणि तरी उठेना. सगळं दुकान थक्क! कारण आमचा नियम असा, की खेळ शिंगल असला तरी प्रत्येक जीव वेगळ्या माणसाचा. मेलास की बाकड्यावरून उठायचं, रिमोट पुढच्याच्या हातात द्यायचा आणि मागे उभं राहून ओरडायचं. सगळे जीव एकट्याने खेळणं म्हणजे पंगतीत वाढप्याच्या हातून बादलीच ओढून घेणं.

"आवं पाहुणं, मेला न्हवं तुमी? मग उठा की!"

पाहुणा उठला तो थेट पुण्याच्या एसटीत जाऊन बसला.

ह्या ओरडणाऱ्यांचा म्होरक्या उत्रोलीचा एक पैलवान. घरी सांगायचा तालमीत जातो, तालमीत सांगायचा घरी काम आहे, आणि असायचा माझ्याकडे. तो बसला की बाकडी भरायची, तो उठला की दुकान उठायचं.

आणि तो उठला. दोन हजार सालाच्या आसपास गावात सायबर कॅफे निघाला. प्लायवूडचे खोके, प्रत्येक खोक्यात कॉम्प्युटर, कानाला हेडफोन. माझी गिऱ्हाइकं एकेक करून खोक्यांत शिरली. काही दिवसांनी पैलवान आला, तो फक्त मला खिजवायला.

"तुझं अजून शिंगलच चाललंय का रं?"

"मग तिकडं काय ट्रिबल हाय?"

"तिकडं मिशन हाय, मिशन! दुसऱ्या एका गेमात त्येलाच कॅम्पेन म्हनत्यात. आन् नवीन आलाय, त्यात तर स्टोरी मोड हाय."

"म्हंजे किती जणांनी खेळायचं?"

"एकट्यानंच की."

"मग शिंगलच झालं ना, गाढवा!"

त्याने माझ्याकडे फार दयेने पाहिलं. "शिंगलमधी गडी नुसता पळतो. स्टोरी मोडमधी का पळतो ते सांगत्यात."

आबांनी रिकामी बाकडी पाहिली आणि हुकूम सोडला, "दिवाळीपातुर बगतो. न्हाई भरली तर गाळ्यात पिठाची गिरणी बसवणार." मला दुकानाशिवाय दुसरं काही येत नव्हतं. बोलल्याशिवाय तर मला करमतच नाही, आणि गिरणीच्या घरघरीत माझं कोण ऐकणार होतं?

दुसऱ्या दिवशी मी पांढऱ्या पुठ्ठ्यावर लाल रंगात लिहून दारावर टांगलं: आमच्याकडे स्टोरी मोड सुरू! कॅसेट तीच, गेम तोच. लाल बंडीतला एक बुटका डावीकडून उजवीकडे पळायचा, खड्डे ओलांडायचा, मरायचा. फक्त पुठ्ठा नवा.

पैलवान टोळी घेऊन चौकशीला हजर. "कुठाय स्टोरी?"

झाली पंचाईत! मी गल्ल्यामागे उभा राहिलो, घसा खाकरला आणि तोंडाला येईल ते सुरू केलं. "मंडळी, हा गडी गुंजवण्याचा. आज ह्याचं लगीन. नवरी कामथडीची. टेम्पोत वऱ्हाड बसलं, वाजंत्री बसली, भांडी बसली, टेम्पो सुटला. मार्गासनी मागं पडल्यावर करवली किंचाळली, 'अगं बया, नवरदेव कुठाय?' नवरदेव घरी! चप्पल हुडकतोय!"

पैलवान हळूच बाकड्यावर टेकला आणि त्याने रिमोट उचलला. "म्हनून पळतोय व्हय त्यो?"

"म्हणूनच. आणि कामथडी उजवीकडं हाय."

मग मला आवरणारं कोण होतं? पडद्यावरचं वटवाघूळ म्हणजे नवरीचा मामा, त्याला हे स्थळ पसंत नव्हतं. चमकणाऱ्या चांदण्या म्हणजे आहेर. बुटका मेला आणि नवा जीव मिळाला, की वाटेत कुणीतरी त्याच्या नाकाला कांदा लावून त्याला शुद्धीवर आणलेलं असायचं. बाकड्यांवर पुन्हा माणसं दिसू लागली. आबांना मात्र ते सगळे फुकटे वाटत होते.

दिवाळीच्या तोंडावर, बाजाराच्या दिवशी दुपारी, आबा गिरणीच्या मिस्त्री चाचांना घेऊन आले. चाचांनी मोजायची टेप काढून भिंतीला लावली. पैलवानाने बुटक्याला मोठ्या खड्ड्यावरून उडवला आणि तेवढ्यात लाईट गेली.

"बग," आबा म्हणाले. "लाईट गेली, धंदा गेला."

कुणीच उठलं नाही. पैलवान काळ्या पडद्याकडे बघत म्हणाला, "आबा, थांबा वाईच. नवरदेव खड्ड्यावर हाय. पडला का न्हाई?"

"न्हाई पडला!" मी ओरडलो. "त्याचा फेटा सुटला आणि फेट्याचं टोक वडाच्या पारंबीत अडकलं. आता नवरदेव लोंबकळतोय, आणि खालनं त्याचाच टेम्पो त्याला शोधायला उलटा चाललाय!"

सायबर कॅफेचे खोकेही बंद पडले होते. तिकडची पोरं दारात येऊन उभी राहिली. मी पारंबीला लोंबकळून दाखवलं, करवलीचा आवाज काढला, नवरीच्या मामाच्या मिशा पिळल्या. चाचांच्या हातातली टेप सर्रकन परत गुंडाळली गेली.

"मुहूर्त टळला का?" त्यांनी विचारलं.

"टळला, चाचा."

"मग भटजीला जेवाया बसवा की तवर. जेवल्याबिगर हलायचा न्हाई त्यो."

मी ते लगेच गोष्टीत घेतलं. लाईट आली, तरी टीव्ही कुणी लावेना.

आबा इतका वेळ दाराला टेकून गर्दी न्याहाळत होते. ते चाचांना म्हणाले, "गिरणी लाईटवरच चालती न्हवं?"

"मग काय हातानं फिरवताय?"

"आन् लाईट गेल्यावर दळण टाकलेली माणसं काय करत्यात?"

"शिव्या घालत्यात, डबा उचलत्यात आन् घरी जात्यात."

आबांनी पुन्हा एकदा दुकानावरून नजर फिरवली. "गिरणी पुढच्या निम्म्यात बसवा. ह्यो मागं ऱ्हाऊ दे."

तशी ती बसली आणि माझे टीव्ही वर्षानुवर्षं पिठाने पांढरे होत राहिले. गिरणीचा पट्टा फिरत असेपर्यंत मी ओरडून सांगायचो, थांबला की सावकाश. दळणाला आलेल्या बायका माझ्या स्टोरी मोडला 'गोष्टीचा गेम' म्हणायच्या, आणि मग पैलवानही तेच म्हणू लागला. शेरडं राखणाऱ्या एक आजी डोंगरातल्या वस्तीवरून नाचणी घेऊन यायच्या. रिमोटला त्यांनी कधी हात लावला नाही, पण बाकड्यावरची पुढची जागा त्यांची. एकदा नवरदेव नसरापूरच्या अलीकडे असताना आबांनी पुढून हाक मारली, "म्हातारे, तुजं पीठ केव्हाच झालंय!"

आजींनी मान वळवली नाही. "गार हूं द्या की वाईच," त्या म्हणाल्या, आणि मला हाताने खूण केली, पुढं सांग.