झारूहीला ग्रीकमध्ये भांडता येईना

झारूही कल्हईवालीच्या तोंडाला निकोसियाच्या अख्ख्या आर्मेनियन गल्लीत कुणी लागत नसे. अपवाद एकच, भिंतीपलीकडची नेझीहे. नवरा अर्शावीर तांब्याच्या भांड्यांना कल्हई लावायचा आणि बोलायचा बेतानं; त्याच्या वाटणीचंही झारूहीच बोलत असावी. ती आर्मेनियन, नेझीहे तुर्क. पण लहानपणी तुर्कस्तानातल्या अदानाच्या कत्तलीतून जीव वाचवून आलेल्या झारूहीच्या तोंडी तुर्कीच बसलेली. देवाशी ती आर्मेनियनमध्ये बोले. बाकी सगळं, म्हणजे मुख्यतः भांडण, तुर्कीत.

कारणांना तोटा नव्हता. नेझीहेच्या कडू संत्र्याच्या झाडाची एक फांदी झारूहीच्या अंगणात वाकली होती.

"अगं ए, तुझ्या झाडाचा कचरा उचलायला मोलकरीण ठेवलीयस का मला?"

"ठेवली असती गं, पण तू कामचुकार!" भिंतीवरून नेझीहेचं डोकं वर यायचं. "आणि तिकडं पडलेल्या संत्र्यांचा मुरंबा गिळताना बरा नाही अडकत माझा कचरा घशात?"

हे रोज सकाळी. एखाद्या दिवशी भांडण ऐकू आलं नाही, तर दोघींपैकी कुणीतरी अंथरुणाला खिळलंय असं गल्ली समजून चालायची. आणि दुसरी सूप घेऊन उशाशी बसलेली असायची.

साठ साली इंग्रज गेले, सायप्रस स्वतंत्र झालं आणि घटना आली. शहाण्या माणसांनी बेटापासून लांब बसून ठरवलेली. तिच्यात माणसं दोनच जातीची: ग्रीक नाहीतर तुर्क. आर्मेनियन मंडळींनी मतदान करून सांगायचं, आम्ही कोणात. आम्ही आर्मेनियनच, हे उत्तर चालणार नव्हतं.

"यात विचार कसला करायचा?" अर्शावीर म्हणाला. "ते ख्रिस्ती, आपण ख्रिस्ती. ग्रीक. आणि अदाना विसरलीस का?"

"नाही विसरले. पण अदानात नेझीहे नव्हती. आणि ग्रीकमध्ये मला बटाट्याचा भाव तेवढा विचारता येतो. भांडता कुठं येतंय?"

"देशाच्या घटनेत तुझ्या भांडणाचं काय घेऊन बसलीस?"

"तेच तर म्हणतेय मी. कुणी विचारच केला नाही!"

मतदान गुप्त होतं. जवळजवळ सगळी मतं ग्रीकांकडे गेली. तुर्कांच्या पेटीत निघाली बोटांवर मोजण्याइतकी. आर्मेनियन क्लबात जो तो एकमेकाकडे संशयानं बघू लागला. घरी चार मंडळी जमली, तेव्हा कधी नव्हे तो अर्शावीरला कंठ फुटला. "सापडला ना तो घरभेदी, तर त्याचं तोंड काळं करतो की नाही बघा!" त्याच्यापुढे कॉफी ठेवणाऱ्या झारूहीचा हात जरासुद्धा हलला नाही.

दुसऱ्या दिवशी भिंतीवर डोकं आलं नाही. दारावर टकटक झाली. नेझीहे डोक्याला नीट रुमाल बांधून उभी होती, हातात संत्र्यांची टोपली.

"नमस्कार, झारूही हानिम. आता आपण ग्रीकांतल्या झालात. इतकी वर्षं आपल्याला आमच्या झाडाचा त्रास झाला. फांदी छाटून घेतलीय. क्षमा असावी."

हानिम! म्हणजे बाईसाहेब! झारूहीला कुणी थोबाडीत मारली असती तरी एवढं लागलं नसतं. तिनं चार कडक शिव्या जुळवल्या, पण समोर नेझीहे मान झुकवून गोड हसत होती. अशा बाईला शिवी द्यायची कुठून?

मग रोज तेच. "आपली तब्येत बरी आहे ना?" "आपल्याकडं काल पाहुणे होते वाटतं." खरं सांगावं तर नवऱ्याचं नाक कापलं जाणार, न सांगावं तर हे आपण-आपण जन्मभर ऐकायचं. झारूहीचं जेवण तुटलं. अर्शावीरला वाटलं, पित्त झालंय.

शेवटी एका सकाळी, नवरा दुकानात गेल्यावर, तिनं भिंतीशी पातेलं उपडं घातलं आणि त्यावर चढली.

"नेझीहे! इकडं ये. मी मत तुमच्यात टाकलंय."

"आपण माझं मन राखायला..."

"ते आपण-आपण गेलं खड्ड्यात! देवाशप्पथ सांगतेय. ह्यांना कळलं तर घराबाहेर काढतील."

नेझीहे भिंतीजवळ सरकली. "मग आता तू आमच्यातली?"

"छे! घटनेत लिहिलंय, बायको नवऱ्याच्या जमातीची. मी कुणालाही मत दिलं तरी झाले ग्रीकच."

"म्हणजे वाया घालवलंस?" नेझीहेचा आवाज चढला. "अगं अक्कलशून्य बाई! आणि मी मेली तुझ्यापायी भरलेली फांदी तोडून बसले!"

"तुला कुणी सांगितलं होतं तोडायला, सटवे?"

गल्लीतल्या खिडक्या उघडल्या. झारूही भांडत होती आणि तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

तीन वर्षांनी नाताळात ग्रीक-तुर्कांत गोळ्या सुटल्या. नकाशावर शहराचे दोन तुकडे करणारी हिरवी रेघ ओढली गेली आणि गल्ली तुर्कांच्या बाजूला राहिली. तुर्क बंदूकवाले येऊन सांगून गेले, ग्रीक म्हणून नाव लावलंत, आता ग्रीकांकडं चालू पडा. अर्शावीरनं हातगाडी भरली. नेझीहे गच्चीवर चढली.

"चोरटे! माझी परात नेतेस होय?"

"तुझ्या परातीला भिकारी तरी हात लावेल का?" झारूही गाडीमागून ओरडली.

बंदूकवाल्यांना वाटलं, बरं झालं, ब्याद चालली. दोघी गल्लीभर एकमेकींचा उद्धार करत राहिल्या. कोपरा वळल्यावर गच्ची दिसेना. आवाज मात्र अजून येत होता, शब्द नीट लागत नव्हते. झारूही थांबली. तिनं कान दिला.

"अहो, शेवटचं काय म्हणाली ती?"

"काय की. चल आता."

"थांबा ना हो," ती म्हणाली. "तिला उत्तर द्यायचं राहिलंय माझं."