चाचांच्या लेखातला लावा

शाळेत असताना मी त्यांचे लेख कापून वहीत चिकटवत असे. रत्नागिरीहून निघणाऱ्या एका छोट्या मासिकात ते पक्ष्यांच्या शिकारीवर लिहायचे. सगळ्या गोष्टी शिकारीवर बंदी येण्याआधीच्या, त्यांच्या तरुणपणीच्या: ठासणीची बंदूक, कापणी झालेलं भातशेत, पायाजवळून भर्रकन उडणारा लावा. बंदी आल्यावर त्यांनी बंदूक पोलीस ठाण्यात जमा केली आणि पुढे नुसते पक्षी बघायला, ऐकायला रानात जात राहिले. त्यांच्या लेखात आवाज फार असायचे. कुठल्या झुडपात काय वाजलं, यावरून ते अख्खी सकाळ उभी करत.

तो माणूस शारजात, अल नहदाच्या एका टॉवरमध्ये मुलाकडे राहतो हे मला चाळिशी ओलांडल्यावर कळलं. आपल्या कोकणातल्या लोकांचं ईदनंतरचं स्नेहभोजन होतं. बिर्याणीच्या रांगेत माझ्यापुढे एक उंच, वाकलेले म्हातारे गृहस्थ उभे होते. कुणीतरी त्यांना नावाने हाक मारली, लेखांखाली असायचं तेच नाव, आणि मी रांग सोडून त्यांच्यापुढे आलो. मी त्यांना त्यांच्याच लेखातली चार वाक्यं म्हणून दाखवली. ते माझ्या ओठांकडे टक लावून बघत होते. मला वाटलं, भारावलेत.

"गाडी आहे तुझ्याकडे?" त्यांनी विचारलं.

"आहे, चाचा."

"मग शनिवारी ये."

अशी सुरुवात झाली. मी दुबईत डिस्कव्हरी गार्डन्सला राहतो, नोकरी जबल अलीतल्या एका वेअरहाउसमध्ये. शनिवारी पहाटे फजरची नमाज आटोपून निघायचं, शारजाहून चाचांना घ्यायचं आणि वाळवंटात जिथे गुरांच्या चाऱ्याची हिरवी शेतं आहेत तिथे जायचं. शेताच्या कडेने आम्ही हळूहळू चालायचो. मधूनच ते थांबत, बोट वर करत आणि विचारत, "ओरडला का?" मला वाटायचं, परीक्षा घेतायत. मी मान डोलवायचो. "कुठून?" मी हात करून दाखवायचो. "किती वेळा?" मी आकडा सांगायचो. ते खिशातल्या वहीत टिपून घेत आणि मी पास झाल्यासारखा खूश होई.

तासाभराने ते म्हणत, "तू गाडीत बस. मी अर्ध्या तासात येतो." खांद्याला कापडी पिशवी लावून ते गाफच्या, म्हणजे आपल्या शमीच्या, झाडांमागे एकटेच जात. म्हातारा माणूस आहे, प्रकृतीचं काही असेल, म्हणून मी विचारलं नाही.

मग एकदा घरी आल्यावर गाडी पुसताना त्यांच्या सीटखाली पीस सापडलं. तपकिरी, मधोमध फिकट रेघ. लाव्याचं. त्याच्या पुढच्या आठवड्यात त्यांनी मला डबा दिला, सुनेने केलेला, नारळाच्या वाटणातला बटेर मसाला. बटेर म्हणजे लावाच. माझ्या बायकोने डबा उघडला, वास घेतला आणि झाकण लावलं.

"हे आणलं कुठून त्यांनी?"

"सुपरमार्केटात मिळतात की फ्रोझन."

"आणि पिशवी घेऊन झाडांमागे जातात ते?" तिचा आवाज खाली आला. "इथे पक्षी धरला तर सरळ जेल आहे. गाडी तुमची. व्हिसा तुमचा. खलास सगळं."

आमची मुलगी फोनमधून डोकं वर न काढता म्हणाली, "ही इज सो सस, अब्बा." सस म्हणजे संशयास्पद, हे तिच्याकडूनच कळलेलं.

मी दोघींवर चिडलो. पण डबा मीही खाल्ला नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसात नेऊन वॉचमनला दिला.

त्यानंतर माझं लक्ष पक्ष्यांवर राहिलं नाही, चाचांवर राहिलं. जाताना पिशवी किती फुगलेली आहे, येताना किती, हे मी आरशातून बघू लागलो. चपलांना माती कुठली लागली आहे ते बघू लागलो. एका सकाळी गाडीची काच खाली होती आणि झाडांमागून लाव्याचा आवाज आला. तीन ठोके, थांबा, तीन ठोके, थांबा. अंतर इतकं सारखं की घड्याळ लावावं. आणि मग चौथ्या वेळी दुसऱ्या ठोक्यावरच तो तुटला. खरा पक्षी असा अर्ध्यात तुटत नाही. ते यंत्र होतं. रेकॉर्ड केलेला आवाज लावून लावे जवळ बोलवायचे आणि जाळ्यात धरायचे, हा इकडचा जुना बेकायदा धंदा आहे, एवढं मलाही ठाऊक होतं.

ते परत आले तेव्हा मी पिशवीकडे हात केला. "द्या, मागे ठेवतो."

"राहू दे," ते म्हणाले आणि पिशवी मांडीवर घेऊन बसले. शारजापर्यंत.

त्याच महिन्यात मासिकाचा अंक आला. त्यात चाचांचा नवा लेख होता, आम्ही दाट धुक्यात गेलो होतो त्या सकाळचा. लिहिलं होतं की धुक्यातून डाव्या हाताला लावा तीनदा ओरडला, आणि परदेशात आपल्या गावचं माणूस भेटावं तसं वाटलं. लेख सुंदर होता. मी तो दोनदा वाचला आणि दुसऱ्यांदा त्या ओळीवर बोट ठेवून थांबलो. त्या सकाळी मी त्यांच्या शेजारी उभा होतो. लावा ओरडलाच नव्हता. पाण्याच्या पंपाची घरघर सोडली तर काहीही वाजलं नव्हतं.

म्हणजे हा माणूस पक्षी चोरून धरतो, आणि लिहितो तेही खोटं. मी कपाटातली जुनी वही काढली आणि पिवळ्या पडलेल्या एकेका लेखाकडे नव्या नजरेने बघत बसलो. हे तरी घडलं असेल का? बंदूक तरी होती का?

पुढच्या शनिवारी ते झाडांमागे गेले आणि पाच मिनिटांनी मी मागोमाग निघालो. फोनचा कॅमेरा चालू करून हातात धरला होता, हे सांगायला आज लाज वाटते. जाळं दिसलं की फोटो काढायचा आणि त्यांच्या मुलाला दाखवायचा, असं ठरवलं होतं.

जाळं नव्हतं. चाचा घडीच्या स्टुलावर माझ्याकडे पाठ करून बसले होते. हातात मुठीएवढा स्पीकर. त्यातून लावा ओरडत होता आणि त्यांनी तो डाव्या कानाला अगदी टेकवून धरला होता. आवाज वाढवला. मान हलवली. मग उजव्या कानाला लावला. वाढवला, आणखी वाढवला. मला पंधरा पावलांवर कान झाकावेसे वाटत होते. ते मात्र डोळे मिटून कपाळाला आठ्या घालून बसले होते, लांबून कुणी बोलत असावं तसे.

त्यांनी डोळे उघडले. ऊन माझ्या पाठीशी होतं, फोन धरलेल्या हातासकट माझी सावली त्यांच्या पायाशी पोचली होती.

"ये," ते मागे न वळता म्हणाले. "तू माझ्यावर नजर ठेवतोयस ते महिनाभर दिसतंय. फोन खाली कर."

मी समोर जाऊन मातीत बसलो. ते माझ्या ओठांकडे बघू लागले आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"डावा गेला. उजवा थोडा आहे," ते म्हणाले. "बंदुकीने अर्धं नेलं, वयाने अर्धं. मुलाला सांगितलं तर घरात बसवेल. म्हणून इथे येऊन बघतो, किती उरलंय ते."

"मग लेख कसे लिहिता?"

"तुला विचारून."

ते वही उघडून दाखवू लागले. तारखेखाली ओळीने टिपलेलं होतं: डावीकडे, दोनदा. पंपाजवळ, एकदा. धुक्याच्या दिवसापुढे होतं: डावीकडे, तीनदा. अक्षर त्यांचं, साक्ष माझी.

त्या धुक्याच्या सकाळी वेअरहाउसमधून मेसेजवर मेसेज येत होते, एक कंटेनर गेटवर अडकला होता. चाचांनी काहीतरी विचारलं आणि मी फोनमध्ये बघत हो म्हणालो. कुठून? हात कुठेतरी केला. किती वेळा? तीनदा. ज्या खोटेपणाने मी आठवडाभर पेटलो होतो तो माझाच होता.

तिथे बोलायची हिंमत झाली नाही. परतताना एमिरेट्स रोडवर एका पेट्रोल पंपावर गाडी उभी केली, त्यांच्याकडे तोंड वळवलं आणि सावकाश, ओठ नीट हलवत सांगितलं. "चाचा, त्या दिवशी लावा ओरडला नव्हता. मी उगाच हो म्हणालो."

"आणि बाकीचे?"

"काही खरे. काही... मला आठवत नाही."

त्यांनी खिशातली वही काढून मांडीवर ठेवली. एक ट्रेलर हवा भरून निघून गेला. "मी साठ वर्षं लिहितोय," एवढंच म्हणाले. अल नहदाला उतरताना त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

तीन शनिवार त्यांचा मेसेज आला नाही. चौथ्या शुक्रवारी आला: "उद्या ये. फोन घरी ठेवून ये." संपादकांना त्यांनी पत्र पाठवलं होतं, की धुक्यातला लावा मी ऐकलेला नाही, मला आता ऐकू येत नाही, वाचकांनी माफ करावं. ते पत्र पुढच्या अंकात शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात आलं. माझा उल्लेख त्यात नव्हता. मुलाने ते वाचलं, थोडा आरडाओरडा झाला आणि आठवड्याभरात चाचांच्या कानाला मशीन लागलं. त्यात त्यांना वारा आणि ट्रक सोडून काही ऐकू येत नसे.

पुढची दीड वर्षं आम्ही जात राहिलो. ते विचारत, मी थांबून, श्वास धरून ऐकत असे, आणि बऱ्याचदा सांगत असे, "नाही, चाचा." त्यांना ते उत्तर आवडू लागलं होतं. फक्त एक गोष्ट राहिली. सीटखालच्या त्या पिसाबद्दल मी कधी विचारलं नाही, आणि लाव्यांबद्दल बोलताना त्यांची बोटं अजून पक्षी मुठीत धरल्यासारखी वळतात हे मी बघितलं होतं.

मागच्या वर्षी ते गावी गेले आणि तिथेच वारले. मासिकाने त्यांच्यावर अंक काढायचं ठरवलं आणि संपादकांनी मलाही लिहायला सांगितलं. मी वेअरहाउस, गाफची झाडं, फोनचा कॅमेरा, सगळं लिहिलं. पाठवण्याआधी बायकोला वाचायला दिलं. तिने डायनिंग टेबलाशी बसून शेवटपर्यंत वाचलं आणि चष्मा काढला.

"यातलं सगळं खरं आहे ना?" तिने विचारलं.

"सगळं."

तिने चष्मा परत लावला. मग पहिलं पान काढून पुन्हा वाचू लागली.