कुंपणाबाहेरची हाळी

लेम स्ट्राउडच्या पायाला भिंगरी लागली होती. सकाळपासून त्याने ड्राय फोर्क गावाचा एकुलता एक रस्ता इतक्या वेळा पालथा घातला, की दुकानदार वाइली ओरडलाच, "मार्शल, रस्ता झिजला तर गावाला नवा आणून द्यावा लागेल हं! आणि ऐकलंस का? ती चोराची बायको उद्याच्या गाडीने चाललीय. सुटलो एकदाचे!"

लेम वळला आणि पुन्हा चालू लागला.

लेम काही जन्माचा मार्शल, म्हणजे गावचा पोलीस, नव्हे. उमेदीची वर्षं गुरांचे कळप हाकण्यात गेली. घोड्याने गुडघा मोडला, तेव्हा गावाने त्याच्या छातीवर बिल्ला लावला, कारण दुसरं कोणी तयारच नव्हतं. पण बिल्ला त्याला शोभला. आई पोराच्या हातातून सुरी काढून घेते, तशी तो झिंगलेल्या गुराख्यांची पिस्तुलं काढून घेई. एवढ्या वर्षांत त्याने एकच माणूस मारला, आणि तोच त्याला स्वस्थ बसू देत नव्हता.

या माळरानावर दुसऱ्याच्या घरी जायचं तर कुंपणाबाहेर थांबून हाळी द्यायची, आणि घरातून 'ये' आल्याशिवाय पाऊल पुढे टाकायचं नाही. हाळी न देता आला तो चोर. गेल्या वसंतात, दिवस मावळताना, नॉर्वेहून नवाच आलेला शेतकरी सीवर्त लेमच्या घोड्यांजवळ दिसला आणि लेमने गोळी झाडली. चौकशीत न्यायाधीशांनी विचारलं, "हाळी दिली होती का त्याने?" लेम म्हणाला, "नाही." तेवढ्यावर सीवर्त घोडेचोर ठरला आणि त्याची गुनहिल्ड चोराची बायको. तिला कोणी बियाणं देईना की काम देईना.

सीवर्त काहीतरी ओरडला होता, हे फक्त लेमला आणि त्याने सांगितल्यावर त्याच्या बायकोला ठाऊक होतं. तेव्हा लेमला अक्षरही कळलं नव्हतं, शिवीच वाटली. ते शब्द वर्षभर त्याच्या कानात घुमत होते, आणि आपण घाबरून खोटं बोललो याची त्याला भयंकर लाज वाटत होती.

"घेवडा गार झाला. जरा टेक की!" दुपारी बायको हेस्टर करवादली.

"भूक नाही."

"कशी लागेल? ती उद्या गेली की जन्मभर माझ्याच घरात येरझाऱ्या घालशील. जा, सांगून टाक तिला."

"बिल्ला जाईल, हेस्टर. तुरुंगातही टाकतील."

"मग मी लोकांचे कपडे धुईन. पण तुझ्या बुटांची ही खटखट आता नाही ऐकवत मला."

लेमने घोडा काढला.

गुनहिल्डच्या कुंपणापाशी घोडा सवयीने थांबला. लेमने नेहमीची हाळी द्यायला तोंड उघडलं. पण बाहेर पडलं ते भलतंच.

"एर दे नूएन येम्मे?"

घरात काहीतरी धाडकन पडलं. गुनहिल्ड दारात आली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"हे कोणी शिकवलं तुम्हाला?"

"सीवर्तने. त्या संध्याकाळी, माझ्या कुंपणाबाहेरून. त्याचा अर्थ काय होतो, बाई?"

तिने चौकटीचा आधार घेतला. "आमची गाय हरवली होती. त्याला तुमची भाषा येत नव्हती, मार्शल. तो एवढंच विचारत होता, घरात कोणी आहे का?"

लेमने टोपी काढली. "मी खोटं बोललो," तो कसाबसा म्हणाला.

"मला नका सांगू." तिने गावाकडे बोट दाखवलं. "त्यांना सांगा."

'ये' काही तिने म्हटलं नाही. आत जाऊन शाल घेतली, आपली घोडागाडी जोडली आणि त्याच्या मागोमाग निघाली.

वाइलीच्या दुकानासमोर लेम थांबला. कळप हाकताना काढायचा तो जुना आवाज त्याने पुन्हा काढला. "ओ गाववाले! बाहेर या सगळे!"

वाइली एप्रनला हात पुसत पायरीवर आला. "आता काय झालं, मार्शल?"

लेमने बिल्ला काढून त्याच्या हातावर ठेवला.

"सीवर्तने हाळी दिली होती," तो म्हणाला.