इंगळेबाईंच्या तीन चुली

द्वारकाबाई इंगळे यांची आणि माझी पहिली भेट एका वातड कलेजीवरून झाली. मी कन्याशाळेत नुकतीच लागले होते. लग्न नवं होतं आणि बिऱ्हाड शाळेच्या मागच्या खोलीत. मोताळ्याच्या बाजारातून बकऱ्याची कलेजी आणून मी ती मसाल्यात रटरटत ठेवली होती. वास घेत बाई दारात आल्या.

"काय शिजवून राह्यली वं?"

"कलेजी."

"कवापासून?"

"तासभर झाला."

"मंग आता चपलेले तळ लावाले कामी येईन."

पुढच्या बाजाराला बाई स्वतः कलेजी घेऊन आल्या. तवा चांगला तापवला, थोडं तेल टाकलं, दोन्ही बाजू परतल्या आणि मीठ शेवटी घातलं. मी ताटं मांडेपर्यंत ती झालीसुद्धा होती.

बाईंच्या षष्ट्यब्दीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी "शिवणकामाच्या शिक्षिका म्हणून त्यांनी केलेल्या सेवेवर" लिहावं, असं समितीचं पत्र मला आलं. शिवण बाईंनी शेवटची काही वर्षं शिकवली, आणि मन मारून शिकवली. त्याआधी अकरा वर्षं त्या स्वयंपाक शिकवत होत्या. त्या वर्षांविषयी पत्रात एक शब्द नाही, म्हणून मी त्यांविषयीच लिहिते.

शाळेच्या परसातल्या पडवीत बाईंनी तीन चुली घातल्या होत्या. एक मोठ्या जाळाची, एक मंद जाळाची आणि एक नुसत्या विस्तवाची. मंगळवारी मधल्या सुट्टीनंतर तास असे. घरी त्या दिवशी जे शिजणार असेल त्यातलं थोडं प्रत्येक मुलीनं आणायचं, एवढाच नियम. कुणी अंडी आणी, कुणी जून कोंबड्याच्या तंगड्या, कुणी नळगंगेतले मासे, तर कुणी नुसती अंबाडीची भाजी. सगळं फळीवर मांडलं की बाई मांसाच्या तुकड्यावर बोट ठेवत आणि विचारत, "ह्याचं वय काय? अन् जितं असताना हे किती चाललं?" जो भाग जास्त राबला तो विस्तवावर, तास संपेपर्यंत. जो राबला नाही तो मोठ्या जाळावर, झटपट. मासा मधल्या चुलीवर, आणि त्यात चमचा फिरवायचा नाही. अंबाडी आधी उकडून तिचं आंबट पाणी ओतायचं. मसाल्याचं नाव बाई सगळ्यांत शेवटी काढत.

एकदा एका मुलीनं सुकट आणली आणि लाजेनं पुडी ओढणीखाली धरून बसली. बाईंनी त्या दिवशी पहिली तीच उघडली. "पोरीहो, हे कोरडं भाजलं नाई तं धुवून काई उपेग नाई," म्हणत त्यांनी तवा चढवला. नूरजहाँ ही खाटकाची मुलगी. बरगडी कुठे संपते आणि मांडी कुठे सुरू होते, हे सांगायला बाई तिलाच उभं करत आणि स्वतः मुलींच्या रांगेत बसून ऐकत. तास संपला की सगळं एका पंगतीत वाढलं जाई.

माझी धाकटी झाली तेव्हा मी उठून बसण्याच्याही अवस्थेत नव्हते. बाईंनी बकऱ्याचे पाये भाजून, खरवडून सकाळी विस्तवावर ठेवले आणि दिवेलागणीला रस्सा घेऊन आल्या. असं एकवीस दिवस चाललं. मी उभी राहिले ती त्या रश्शावर.

महाराष्ट्र राज्य झालं, त्याच्या पुढच्या वर्षी काही पालकांची तक्रार आली. कागदावर कारण होतं मांसाच्या वासाचं. खरं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. नूरजहाँच्या पातेल्यातलं वाढण इतरांच्या ताटात जात होतं. त्यासाठी भरलेल्या शाळेच्या सभेत अध्यक्ष म्हणाले, "बाई, पोरींना शिरा शिकवा, करंज्या शिकवा. पाहुण्यापुढे ठेवता येईल असं काही."

बाईंनी विचारलं, "अण्णासाहेब, रविवारी तुमच्या घरी शिरा शिजते काय?"

कुणीतरी फिसकन हसलं. त्या हसण्यानंतर स्वयंपाकाचा तास बंद करायचा ठराव व्हायला वेळ लागला नाही. शिक्षकांनीही सह्या करायच्या होत्या. कागद माझ्याकडे आला तेव्हा बाई माझ्याकडे पाहत होत्या. माझी नोकरी कायम झालेली नव्हती, पदरात दोन मुलं होती. ही कारणं खरी आहेत. पण त्यांच्या रश्शानं उभी राहिलेली मी, आणि सही मी केली.

दुसऱ्या दिवशी चुली फोडल्या आणि तिथे शिवणयंत्र ठेवलं. नूरजहाँ त्यानंतर शाळेत आली नाही. त्या सभेबद्दल बाईंनी मला कधी एक शब्द विचारला नाही. आता शाल घालायला उठतील त्यांतले बहुतेक जण त्याच सभेत होते, आणि गौरवलेख लिहिणारी मीही होते.

हे लिहून झाल्यावर मी बाईंच्या घरी गेले. त्यांनी विस्तवावर जून कोंबडा ठेवला होता, वर पाणी घातलेलं झाकण. मी सगळं वाचून दाखवलं.

"हे छापतीन काय ते?" बाईंनी विचारलं.

"नाही छापलं तर मंडपात उभी राहून वाचीन."

त्यांनी विस्तव सारखा केला. मग म्हणाल्या, "सही केली तवा तुही पोरगी तान्ही होती. मले मालूम होतं."

"मग रागावला का नाहीत?"

"रागावली ना. मले वाटलं आज बोलशीन, उद्या बोलशीन. आठ वर्सं झाले."

बाईंनी झाकण काढून तंगडी दाबून पाहिली. "नाई शिजला अजून. बस, जेवून जाजो."

समितीला माझी विनंती आहे. बाईंना शाल द्याच, पण परसातलं शिवणयंत्र हलवून तिथे पुन्हा तीन चुली घाला. बाईंच्या हातात अजून बळ आहे. नूरजहाँ आता मलकापुरात नांदते. पहिल्या मंगळवारी तिला आणायला मी स्वतः जाईन.

बाईंना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, हे मी रीत म्हणून लिहीत नाही. आठ वर्षं मी गप्प राहिले. ती भरून काढायला मला तेवढी तरी वर्षं लागतील, आणि ती बाईंच्या डोळ्यांदेखत जावीत.