मैत्रिणीचं सुतक

तीस वर्षं मी कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलं. त्यातला प्राचीन चीनचा पेपर माझ्या गळ्यात पडला तो निवृत्तीपर्यंत. पोरांना त्यात काडीचा रस नव्हता. रस होता एका बाईला, आणि ती शिकवायची भूगोल. घरच्या म्हशींचं दूध डेअरीत घालून ती पन्हाळा रस्त्यावरच्या गावातून बसनं यायची आणि स्टाफरूममध्ये चहा पिता पिता माझ्या चिनी शहाण्यांची हजेरी घ्यायची.

नातं बघून रीत सांभाळा म्हणणाऱ्या पंथाचं नुसतं वर्णन ऐकलं आणि म्हणाली, "ही तर आमची सासू!" आपला-परका न बघता सगळ्यांवर सारखी माया करा म्हणणारे तिला अजिबात पटले नाहीत. "सगळ्यांवर सारखी म्हंजे कुणावरच न्हाई की." शिक्षा आणि बक्षीस दाखवूनच राज्य चालतं असं मानणाऱ्या कायदेवाल्यांना ती गावच्या दूध संस्थेत सेक्रेटरी करणार होती. ताओवाल्यांवर मात्र तिचा जीव. पाण्यासारखं वाहावं, अडलं तर वळसा घालावा, हे तिला आवडायचं. तरी टोमणा होताच, "पंचगंगेला पूर आल्यावर इचार त्यास्नी." मी तावातावानं भांडायचे. खरं तर भांडायला मला दुसरं कुणी नव्हतंच. लग्न केलं नाही, भाऊबहीण नाहीत, आईवडील कधीच गेले.

ती गेली हे मला निवृत्तांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कळलं. जोडलेल्या हातांची रांगच्या रांग, आणि वर निरोप, रक्षाविसर्जन परवा सकाळी.

त्या सकाळी तिच्या दारात बायका बसल्या होत्या. पुढं लेकी-सुना, मग जावा-नणंदा, मग भावकी. एका म्हातारीनं मला विचारलं, "पावणं कुठलं म्हनायचं?"

"मैत्रीण. एका कॉलेजात होतो."

"बरं बरं," म्हणत तिनं मला मागची जागा दाखवली. तिचं काही चुकलं नाही. रीतवाल्यांचं हेच तर मी वर्षानुवर्षं शिकवत आले होते. आईबापासाठी तीन वर्षांचा शोक, मग नातं जसं लांबचं तसे दिवस कमी आणि अंगावरचं शोकाचं जाडंभरडं कापड मऊ, अशा पाच पायऱ्या. मैत्रीण त्यातल्या एकाही पायरीवर नव्हती. शिकवताना हे माझ्या कधी लक्षातही आलं नव्हतं.

घरी येऊन आंघोळ केली. देवापुढं दिवा लावायला गेले तर हात पुढं होईना. एरवी मी काही देवभोळी नाही. पण त्या दिवसापासून मी दिवा लावला नाही, गोड खाल्लं नाही, देवळाची पायरी चढले नाही. कुणाला सांगितलं नाही. सांगणार तरी कुणाला? सारख्या मायेवाले म्हणाले असते, स्मशानात जाताना रडा, येताना रडा आणि कामाला लागा. मला काम कुठं होतं? ताओवाले म्हणाले असते, ऋतू पालटतो तसा माणूस पालटला, त्यात रडायचं काय? त्यांचा तर मला असा संताप आला! ज्यांच्यासाठी ती माझ्याशी भांडली तेही शेवटी कामाला आले नाहीत. आणि रडू तर येतच नव्हतं. सुतकही चोरून धरणारी बाई मोठ्यानं रडणार कशी? फार एकटी पडले होते मी.

ती गेल्याच्या सातव्या दिवशी दुपारी शेजारीण सत्यनारायणाचा प्रसाद घेऊन आली.

"नको," मी म्हटलं, "सुतक आहे मला."

"अगं बाई! कोण गेलं वो?"

"मैत्रीण."

"मैत्रिणीचं कुठं सुतक असतंय मॅडम? खावा की," म्हणत तिनं वाटी पुढं केली.

मी हात मागं घेतला. "असतं. मी धरलंय."

ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. आता हसेल, मग चारचौघींत सांगेल, असं मला वाटलं. तिनं वाटीवर पदर ओढला आणि आवाज खाली आणून विचारलं, "कितवा दिवस?"

सातवा म्हणायला तोंड उघडलं आणि मी दारातच हंबरडा फोडला. सुतकाच्या घरात प्रसाद देत नाहीत, म्हणून तिनं वाटी परत नेली.