पिवळ्या टोकांची वायर

कपाट आवरताना पिवळ्या टोकांची वायर हाती आली आणि ऐंशीच्या दशकातलं मिऱ्या गावातलं आमचं घर आठवलं. नवरा बोटीवर होता आणि पत्राऐवजी कॅसेटवर बोलून पाठवायचा. त्या खेपेला कॅसेट आली, पण डेकपासून अ‍ॅम्प्लिफायरला जाणारी वायर उंदरांनी कुरतडली होती. सासूबाईंना कमी ऐकू यायचं; मोठ्या स्पीकरशिवाय लेकाचा शब्द कळला नसता. मी व्हिडिओची ही पिवळ्या टोकांची वायर काढून आणली. "अगो, ती चित्राची वायर! तिच्यातून आवाज कसा येईल? सगळं जाळून ठेवशील!" सासरे ओरडले. पण पिना अगदी सारख्याच होत्या. मी वायर खोचली आणि डाव्या स्पीकरमधून नवरा बोलू लागला. वायर एकच, त्यामुळे उजवा मुकाच राहिला, म्हणून सासूबाईंची खुर्ची डाव्याला टेकवली. डोळे मिटून ऐकता ऐकता त्या म्हणाल्या, "बरा आहे म्हणतोय, पण तापातून उठलाय हा." पुढच्या कॅसेटमध्ये त्याने ते कबूल केलं. आईला मनातूनच कळलं, असं तो अजून सांगतो. कळलं असेल, पण वायर मी जोडली होती.